विषारी वायुगळती : नागरिकांचा बचाव
विषारी वायुगळतीत पळत सुटणे हा पहिला उपाय नव्हे. भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरला. धावणाऱ्यांना धाप लागून तो छातीत अधिकच भरला. म्हणून दारे-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे बंद करावेत, नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. झोपडीच्या फटी बुजवायच्या कशा, हा आक्षेप रास्तच. तिथे वाऱ्याला आडवे, उंचवट्याकडे चालत निघावे. पण उंचवटा जड वायूपुरताच उपयोगी; वायू कोणता, हे मध्यरात्री कळणार कसे? भोपाळात लोकांसाठीचा भोंगाही थोड्याच वेळात बंद केला गेला होता. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार धोका कोणता व त्या वेळी काय करावे, ही माहिती परिसरातील रहिवाशांना आधीच देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी.