आखाड्याबाहेर बसलेला मुलगा

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात सायंकाळी फेरफटका मारला, तर कुठल्या तरी घराच्या ओट्यावर एकटाच बसलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण दृष्टीस पडतो. समोरच्या मोकळ्या जागेत त्याच्याच वयाची मुले कबड्डी खेळत असतात. घरच्यांची त्याच्यावर माया असते. ते त्याला वेळेवर जेवू घालतात, न्हाऊ घालतात. आणि तो पडेल, हरवेल, कोणी त्याला चिडवील, या भयाने बसवून ठेवतात. पुढे वजन वाढते, पाय जड होतात, चार पावलांत धाप लागते. हे सारे त्याच्या मंद बुद्धीचे फळ आहे, असे सर्व जण धरून चालतात. वस्तुतः त्यातील बराचसा भाग हे बसून राहण्याचे फळ असते. हा मुलगा मैदानाबाहेर का राहिला, याचा शोध घेऊ लागलो की वऱ्हाडातून थेट बर्लिनपर्यंत जावे लागते.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. दुबळा देह आणि पारतंत्र्य यांचे नाते जोडणारा तो काळ होता. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती यांच्या शिक्षणाने वऱ्हाडातील पिढ्या घडल्या. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे हुतुतू व अन्य भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. अमरावतीची ही कीर्ती वऱ्हाड आजही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्त आहे.

परंतु त्याच बर्लिनमध्ये त्याच वेळी आणखी काही घडत होते. १९३३ साली हिटलरच्या सरकारने केलेल्या कायद्यान्वये मतिमंद व मनोरुग्ण माणसांची सक्तीने नसबंदी चालू होती. सुदृढ देहाचा उत्सव ज्या राजवटीने मांडला, तिनेच दुर्बल देहाला जगण्याचा अधिकार नाकारला. १९३९ साली त्यांच्या हत्येचा आदेश निघाला. या योजनेचे कार्यालय बर्लिनमधील टियरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरात होते. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे विषारी वायूने मारली गेली. वऱ्हाडच्या त्या तरुणांचा यात काडीचाही दोष नव्हता. मात्र केवळ बलवंतांचाच गौरव करणारी व्यायामनिष्ठा कोठवर जाऊ शकते, हे त्या नगरीने जगाला दाखविले.

३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे महागुरुस्वामी क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून या हत्यांचा उघड निषेध केला. निरुपयोगी म्हणून माणसाला ठार करता येत असेल, तर उद्या आपण म्हातारे झाल्यावर आपले काय, आणि युद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांचे काय, असा त्यांचा सवाल होता. त्या प्रवचनाच्या प्रती गुप्तपणे हातोहात फिरल्या. त्याच महिन्यात वायुगृहांतील हत्या अधिकृतपणे थांबविण्यात आल्या. उपासमार व औषधे यांच्या द्वारे त्या पुढेही गुपचूप चालू राहिल्या, हेही नमूद केले पाहिजे. ख्रिस्तसभेने त्या काळात इतर अनेक अन्यायांविरुद्ध एवढा स्पष्ट आवाज उठविला नाही, ही खंतही या आठवणीशी जोडलेली आहे.

मतिमंद मुलांना शिकवायचे तर प्रथम त्यांचे हातपाय हलते करावेत, हे ज्ञान मात्र नवे नव्हते. एदुआर सेगँ या फ्रेंच शिक्षकाने १८४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्नायूंच्या शिक्षणाला पहिले स्थान दिले होते. मारिया माँटेसरी यांनी त्याच वाटेने जाऊन आपली पद्धती उभारली, आणि ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी ती आपल्या बालवाड्यांत आणली. सर्वसाधारण मुलांना या पद्धतीचा लाभ झाला. ज्यांच्यापासून ती सुरू झाली, ती मुले मात्र ओट्यावरच राहिली.

त्यांना मैदानात आणण्याचे काम एका बहिणीच्या मायेने केले. अमेरिकेतील कॅथलिक केनेडी घराण्यातील रोजमेरी ही मतिमंद होती. १९४१ साली तिच्या मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेने ती कायमची परावलंबी झाली. तिची बहीण युनिस श्रायव्हर यांनी १९६२ साली स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. २० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिली विशेष ऑलिम्पिक स्पर्धा झाली. तीत सुमारे हजार खेळाडू होते. १९९७ पासून या चळवळीने खेळाडूंचे दात, डोळे, कान व पाय यांची तपासणी सुरू केली. जून २०२३ मध्ये या स्पर्धेचा उद्घाटन सोहळा बर्लिनमध्ये, १९३६ च्याच मैदानावर पार पडला. भारतीय खेळाडूंनी तेथून २०२ पदके आणली.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला पूर्वी ‘शकुंतला’ ही छोटी आगगाडी जात असे. त्या अचलपूर तालुक्यात, वझ्झर येथे, टाकून दिलेल्या मतिमंद व मूकबधिर मुलांचे एक बालगृह आहे. त्याला नाव आहे अंबादासपंत वैद्य यांचे. ज्यांनी बलवंतांचा आखाडा उभारला, त्यांचेच नाव तेथे सर्वांत दुर्बलांच्या घराला लाभले आहे. शंकरबाबा पापळकर यांनी या मुलांना पिता म्हणून स्वतःचे नाव दिले आणि त्यांना कामाला लावले. मुलांनी हजारो झाडे लावली, त्यांना पाणी घातले, ती जगविली. झाडाला पाणी घालणाऱ्या मुलाला निराळ्या कवायतीची फारशी गरज उरत नाही. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी अशी, की अठरा वर्षांचे झाले म्हणून या मुलांना बालगृहाबाहेर काढू नये; त्यांचे पुनर्वसन आयुष्यभराचे असावे.

आमच्या गावांतील दुखणेही नेमके तेच आहे. विशेष शाळा साधारणतः अठराव्या वर्षी संपते आणि तिच्याबरोबर खेळही संपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडेसाठी स्वतंत्र कलम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली अपंग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या हालचालीची शिफारस केली. दिवसाचा हिशेब केला तर पाऊण तासही होत नाही. वीस-बावीस मिनिटे चालणे पुरते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो व काहींच्या मानेचा सांधा सैल असतो. म्हणून डॉक्टरांना दाखवून मग सुरुवात करावी, कोलांट्या टाळाव्यात, एवढेच पथ्य.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाने प्रभूला काय सांगितले, ते आपण जाणतोच: मला पाण्यात उतरवायला कोणी नाही. आमच्या ओट्यावरचा तरुण बोलू शकला, तर हेच सांगेल. त्याला चालायला येते. सायंकाळी त्याच्या दाराशी जाऊन, त्याच्या आईला विश्वास देऊन, त्याचा हात धरून त्याला पांदणीने विहिरीपर्यंत नेऊन आणणारा कोणी तरी हवा आहे. वाचकहो, त्याचे घर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.