जनावरांचे डॉक्टर घडविणारी महाविद्यालये : इतिहास आणि आपली निवड



बारावीचा निकाल लागला की सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आपल्या वळसंगसारख्या गावात घरोघरी हिशेबाला बसावे लागते. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला जनावरांचे डॉक्टर व्हायचे आहे." वडील विचारतात, "शिकायचे कुठे, आणि खर्च किती?" कोणी सांगतो, सरकारी महाविद्यालयातच घाला. कोणी सांगतो, परराज्यात पैसे भरले की जागा मिळते, शेत गहाण टाका पण वर्ष वाया घालवू नका. या सल्ल्यांच्या गर्दीत योग्य निर्णय घ्यावयाचा असेल, तर ही महाविद्यालये कशी निघाली, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. घोड्यांचे आजार जाणणाऱ्याला आपल्याकडे सलोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन आचार्यांच्या नावावरून आला. त्यांच्या नावावरील संस्कृत ग्रंथांची पुढे फार्सीत भाषांतरे झाली आणि मुसलमान राजवटींतील अश्वशाळांत ती वापरली गेली. मात्र ही विद्या घोड्यांभोवती आणि दरबाराभोवती फिरत राहिली. कुणब्याच्या बैलाला आणि गरिबाच्या शेळीला डॉक्टर मिळाला नाही.

इंग्रजी अमदानीतही सुरुवात घोड्यांपासूनच झाली. लष्करी घोड्यांसाठी पुण्यात १८६२ साली शाळा निघाली. पण बुळकांडीच्या साथी गावेच्या गावे ओस पाडू लागल्या, तेव्हा सरकारला गुरांकडे पाहणे भाग पडले. १८६९ मध्ये गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८७६-७७ च्या दुष्काळात, सोलापूर जिल्ह्याने माणसे आणि जनावरे दोन्ही गमावली. शेतकऱ्याचा बैल मेला म्हणजे पुढच्या हंगामाची पेरणी गेली, एवढा सरळ हा हिशेब होता.

१८८२ साली लाहोरला पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि १८८६ साली मुंबईला परळ येथे. परळच्या महाविद्यालयाचा जन्म कसा झाला, हे विशेष लक्षात ठेवावे. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूर गृहस्थांच्या देणगीतून तेथे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले होते. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले गेले. आधी इस्पितळ झाले आणि मग त्याच्या आधाराने महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे पहिले प्राचार्य. येथून बाहेर पडणाऱ्याच्या नावापुढे 'जी.बी.व्ही.सी.' ही अक्षरे लागत. आजारी जनावर समोर नसेल तर वैद्य तयार होत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

त्या काळी आपल्या भागातील मुलाला निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. वळसंग मुंबई इलाख्यात, तेव्हा जावयाचे तर परळलाच. पलीकडे नळदुर्ग-तुळजापूर निजामाच्या राज्यात, आणि हैदराबादला महाविद्यालय निघाले ते १९४६ साली. मुंबईचे भाडे, खाणावळ आणि इंग्रजी ज्याला झेपेल, तोच शिकला. बाकीच्यांच्या वाट्याला फार तर दवाखान्यातील ड्रेसरची नोकरी आली.

स्वातंत्र्यानंतर दारे उघडू लागली. नागपूरचे महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले आणि परभणीचे १९७२ साली. तेच १९७२ साल दुष्काळाचे होते आणि छावण्यांत गुरे जगवावी लागत होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. पुढे लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ साली आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ साली महाविद्यालये निघाली. शिरवळच्या महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे. एकेकाळी परळखेरीज वाट नसलेल्या आपल्या मुलाला शंभर वर्षांनी चार-पाच वाटा मिळाल्या.

ही महाविद्यालये आधी वेगवेगळ्या कृषी विद्यापीठांकडे होती. परळ दापोलीकडे, नागपूर अकोल्याकडे, शिरवळ राहुरीकडे, तर उदगीर आणि परभणी मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे होते. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ही सर्व महाविद्यालये एका छत्राखाली आली. पदवी एकाच विद्यापीठाची मिळते आणि अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषदेने ठरविलेला असतो. म्हणून परळची पदवी मोठी आणि उदगीरची लहान, असा समज मनातून काढून टाकावा.

मग फरक कशात? समोर येणाऱ्या जनावरांत. परळला शहरातील कुत्री-मांजरे अधिक येतात. उदगीरच्या आसपास देवणी आणि लाल कंधारी गुरांचा मुलूख आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस, खिलार बैल आणि उस्मानाबादी शेळी आहे. ज्याला गावाकडे परतून सेवा करावयाची आहे, त्याला उदगीर-परभणीकडचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. शहरात दवाखाना थाटावयाचा असेल तर परळ उत्तम. मात्र परळला राहण्या-जेवण्याचा खर्च अधिक येतो, हे विसरू नये.

दुसरा धडा कायद्याचा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार मान्यताप्राप्त पदवी असल्याशिवाय पशुवैद्यक म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय पूर्ण व्यवसाय करता येत नाही. म्हणून परराज्यातील खासगी महाविद्यालयाने कितीही गोड बोलून जागा देऊ केली, तरी पैसे भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्याचे नाव पाहावे. 'मान्यता लवकरच मिळेल' या शब्दावर जमीन विकू नये. तसेच कर्नाटकातील बीदर आपल्याला जवळचे वाटते, पण तेथील बहुतेक जागा त्या राज्यातील मुलांसाठी असतात. परराज्यातील सरकारी महाविद्यालयांत आपल्याला वाट आहे ती अखिल भारतीय पंधरा टक्के जागांतून, आणि त्यासाठी 'नीट' परीक्षेत चांगले गुण लागतात.

खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या फीवरून करू नका. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे असते. फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके-उपकरणे आणि जाण्या-येण्याचे भाडे, अशी पाच कलमे एका कागदावर मांडा. वर्षाची बेरीज करून ती पूर्ण मुदतीवर नेऊन पाहा. मग सरकारी आणि खासगी महाविद्यालयांची तुलना करा. खासगी जागेचा आकडा सरकारीच्या कित्येक पट आला, तर एक वर्ष थांबून 'नीट' पुन्हा देणे हे वर्ष वाया घालविणे नव्हे, ती बचत आहे. बागवान, मोमीन अशा आपल्यातील ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत, त्यांनी जातीचे व वैधतेचे दाखले दहावीनंतरच काढून ठेवावेत. दाखल्यावाचून हाती आलेली सवलत निसटते. कर्जाची गरज भासल्यास सावकाराच्या दारी जाण्याआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

आणि महाविद्यालय पाहावयास गेलात तर इमारतीचा रंग पाहू नका. सकाळी दवाखान्याच्या दारात उभे राहा. किती जनावरे आली, त्यांना हात कोण लावतो, विद्यार्थी की केवळ शिपाई, हे पाहा. दीडशे वर्षांचा इतिहास जे शिकवितो, ते तेथे एका सकाळीत दिसेल.

'ढोरांचा डॉक्टर' म्हणून या विद्येला नाक मुरडणारे आजही भेटतात. त्यांना सांगावे की ज्या बुळकांडीने आपल्या पूर्वजांचे गोठे रिकामे केले, ती भारतातून १९९५ नंतर दिसली नाही आणि २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हे काम याच डॉक्टरांचे. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा गोठ्यागोठ्यांत वाट पाहिली गेली तीही त्यांचीच. शेळ्या पाळणारी, म्हैस राखणारी, जनावरांच्या बाजारावर पोट भरणारी कितीतरी घरे आपल्या समाजात आहेत. त्या घरांतील मुले आणि मुलीही या विद्येकडे वळल्या, तर दवाखान्याच्या दारात जनावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आत आपलेच कोणी भेटेल. तेवढ्यासाठी हिशेबाला एक संध्याकाळ द्या, आणि घाईने सही करू नका.