पार्सल खायला घर लागतं

काल फलटणच्या स्टँडसमोर नेहमीच्या ठिकाणी चहाला थांबलो, तर बाकडी गायब. मालकाला विचारलं. म्हणाला, "कोरोनात उचलली साहेब, परत ठेवलीच नाहीत. पार्सलवरच धंदा बरा चालतो." त्याचं गणित चुकीचं नाही. पण मला एप्रिल २०२१ आठवला.

मामांना पुण्यात ॲडमिट केलं होतं. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते, त्यामुळे मामेभाऊ आणि मी दोन दिवस हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर. ३ एप्रिलपासून पुण्यात हॉटेलात बसून खायला बंदी होती, फक्त पार्सल. संध्याकाळी सहानंतर संचारबंदी. दुपारी भूक लागली म्हणून गाडी काढली आणि फर्ग्युसन रस्त्यापासून पेठांपर्यंत फिरलो. एरवी जिथं जेवणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहून टेबल धरावं लागतं, त्या रस्त्यावर खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. दारात आडवं टेबल, त्यावर चिकटवलेला क्यूआर कोड, आणि बाहेर डिलिव्हरीवाली पोरं. शहराला जेवण पोचवणारी ही पोरं स्वतः गाडीवर बसून वडापाव खात होती.

शेवटी एका ठिकाणी मिसळ मिळाली. रस्सा एका पिशवीत, फरसाण दुसऱ्या पिशवीत, पाव कागदात. आमच्याकडे वाटी नव्हती आणि भांड्यांची दुकानं बंद. भावानं पाण्याची बाटली ब्लेडनं कापली, त्यात मिसळ कालवली आणि गाडीच्या सीटवर ठेवून खायला लागलो. दोन घास झाले असतील नसतील, तेवढ्यात एक पोलीस आला. बिचारा दमलेला होता, दरडावलंही नाही. म्हणाला, "इथं थांबू नका, घरी जाऊन खा."

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, घर फलटणला आहे."

बंदी चुकीची होती, असं मी म्हणत नाही. मास्क काढून शेजारी शेजारी बसणं तेव्हा धोक्याचंच होतं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. खाण्यावरची बंदी बहुतेक वेळा अन्नावर नसते, बसण्यावर असते. आणि हे पुण्याला नवीन नाही.

१४ ऑक्टोबर १८९०. गोपाळराव जोशींनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना बोलावलं. व्याख्यान झालं, मग चहा आणि बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. पुढं नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. चहात दोष नव्हता. तो कुठं बसून, कुणाच्या हातचा प्यायला, एवढाच काय तो गुन्हा!

बाहेरगावचं गरीब पोरगं तेव्हा पुण्यात वार लावून जेवायचं. आज या घरी, उद्या त्या घरी, तेही जात बघून. म्हणून खाणावळ आणि हॉटेल ही साधी गोष्ट नव्हती. १९३५ साली डेक्कनला गुडलक सुरू झालं. त्याच साली मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउस काढलं. खिशात पैसे असले की परक्या शहरात बसायला जागा मिळायला लागली.

सगळ्यांना मात्र नाही. कित्येक गावांत दलितांचा कप वेगळा ठेवलेला असायचा, आणि चहा बाहेर उभं राहून प्यायचा. म्हणून तर राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांतला प्रवेश स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. हॉटेलात शिरण्याचा हक्क देशाच्या घटनेत आहे, यावर जरा थांबून विचार करा.

टंचाईच्या काळातली बंधनं वेगळी होती. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारची एक वेळ सोडायला सांगितली, तेव्हा अनेक हॉटेलंही सोमवारी संध्याकाळी बंद राहायची. पण तो त्याग सगळ्यांनी मिळून करायचा होता. २०२१ ची बंदी कागदावर सगळ्यांना सारखी होती, प्रत्यक्षात नव्हती. ज्याला घर होतं त्याच्या दारात बिर्याणी येत होती. ज्याचं स्वयंपाकघर म्हणजेच मेस होती तो विद्यार्थी, हमाल, ट्रकवाला, पेशंटचा नातेवाईक, यांनी कुठं बसायचं ते कुठल्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं.

शासनाला हे अजिबात कळलं नाही असंही नाही. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी लॉकडाऊनमध्ये पाच रुपयांना झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये मोफत. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. अनेकांना तिनं तारलं. आम्हीही दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिलो, लाज वाटली नाही. पण तीही पार्सलच. वरणाची पिशवी हातात धरून माणसं सावली शोधत फिरत होती.

मामा बरे होऊन आले. बंदी उठली. बाकडी मात्र सगळीकडं परत आली नाहीत.

म्हणून दोन साध्या मागण्या. पुन्हा कधी अशी वेळ आली तर हॉस्पिटल आणि एसटी स्टँडजवळ अंतर ठेवून बसून खाता येईल, अशी एक मोकळी शेड आदेशातच असावी. आणि आपल्या स्टँडसमोरच्या चहावाल्यानं निदान एक बाकडं परत टाकावं. मी त्याला सांगून आलोय. म्हणाला, "बघू." उद्या तुम्ही गेलात तर तुम्हीही सांगा.