संत गोन्सालो गार्सिया : वसईचे सेवाव्रती

पहिले भारतीय संत म्हणून कॅथलिक ख्रिस्ती समाज ज्यांना वंदन करतो, ते संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. त्यांचे हौतात्म्य सर्वश्रुत आहे. त्यामागील सेवामय जीवन मात्र तितकेसे परिचित नाही.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या अमलाखाली आली. तेथे १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे शिक्षण घेऊन ते किशोरवयातच त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले व जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघात प्रवेशाची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. पुढे ते व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा उत्तम जम बसला.

तरीही मनाची ओढ कायम होती. व्यापार सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात 'बंधू' म्हणून दारिद्र्याचे व्रत स्वीकारले. बंधू हा व्रतस्थ असतो. परंतु त्याला धर्मगुरूची दीक्षा नसते. सेवा हेच त्याचे कार्य.

फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता १५९३ मध्ये जपानला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो सोबत होते. जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याशी त्यांनीच संभाषण केले. क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी चर्च व रुग्णालये उभारली. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना आणि निराधार रुग्णांना तेथे आसरा मिळाला. गोन्सालो यांना अवगत असलेली भाषा आता व्यापाराऐवजी या दीनदुबळ्यांच्या कामी आली.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनरी हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत असावेत, असा संशय त्यानंतर बळावला आणि अटकसत्र सुरू झाले. कैद्यांच्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली व त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय व १७ जपानी प्रापंचिक होते.

पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद बहाल केले. गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय आज गोन्सालो यांचे नाव धारण करून आहेत. त्यांचे स्मरण करताना नागासाकीच्या क्रूसाबरोबरच क्योतोतील रुग्णशय्यांचेही स्मरण व्हावयास हवे.