दोन एकादश्या आणि एक भिंत

पंचांगात कधीकधी लागोपाठ दोन एकादश्या येतात. एक स्मार्त, दुसरी भागवत. अशा दिवशी वसईतल्या आमच्या शिक्षककक्षात एकाचा उपवास असतो आणि दुसऱ्याचे पारणे. उपवास करणाऱ्याने पारण्याचे जेवण रांधून द्यावे काय, असा प्रश्न आपल्याकडे कुणी शास्त्र्यांना विचारीत नाही. ज्यू धर्मशास्त्राने मात्र तो शतकानुशतके चर्चिला आहे. दुसऱ्याच्या हातून पाप घडेल असे साह्य करू नये, हा तेथील दंडक. पण जे आपल्याला निषिद्ध आणि त्याच्या गुरूच्या निर्णयाने ग्राह्य, त्यात हातभार लावला तर दोष कुणाला?

सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत याचे एक विलक्षण उदाहरण आहे. निपुत्रिक मृताच्या विधवेने दिराशी विवाह करावा या नियमाच्या एका पोटप्रश्नावर हिलेल आणि शम्माई या दोन संप्रदायांत टोकाचा मतभेद होता. एकाच्या मते औरस ती संतती दुसऱ्याच्या मते दूषित ठरावी, इतका. तरीही त्यांच्यात सोयरीक होत राहिली, एकमेकांची भांडीही वापरात राहिली. हे कसे शक्य झाले? तालमूदमधील एक स्पष्टीकरण असे, की अडचणीचे स्थळ असेल तर ते आधीच सांगितले जाई. स्वतःचे मत सोडावयाचे नाही, पण दुसऱ्याला त्याच्या मताविरुद्ध नकळत फसवावयाचेही नाही.

आता मुंबईकडे येऊ. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', यांचे मुंबईतील पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. पुढे बगदादी ज्यू आले. प्रारंभी दोघांचे दफनस्थान एकच होते. १८३६ साली मात्र बगदाद्यांनी तेथे मध्ये भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली. बेने इस्रायलांत घटस्फोट आणि दिराशी विवाह यांचे विधी शास्त्रोक्त होत नाहीत, सबब त्यांचे कुळ संशयास्पद, असा आक्षेप घेतला जाई. सोयरीक नाही, आणि प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांची गणनाही नाही! ज्या विषयावर हिलेल-शम्माईंनी भांडूनही नाती जोडली, नेमक्या त्याच विषयावर येथे नाती तुटली.

बगदाद्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. हिलेल आणि शम्माई दोघांपाशी पंडितांचे निर्णय होते. कोकणात ग्रंथपरंपरा खंडित होऊन केवळ रूढी उरली होती. परंतु ब्रिटिश राज्यात युरोपीयांच्या पंक्तीला बसण्याची आस आणि कातडीचा रंग यांनी त्या शास्त्रार्थात बराच भाग घेतला, असे आमचे मत आहे.

हा संशय इस्रायलपर्यंत पोहोचला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहापूर्वी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश दिले. ते पीठ तेव्हा बगदादचे रब्बी निस्सीम यांच्याकडे होते. जेरुसलेममध्ये धरणे झाले, आणि १९६४ साली आदेशातून समाजाचे नाव वगळावे लागले.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली होती. माझगावातील त्या शाळेला पुढे एली कदूरी यांचे अर्थसाह्य मिळाले आणि त्यांचेच नाव दिले गेले. कदूरी मूळचे बगदादचे.