हाली, कलदार आणि कर्जापायी गेलेला वऱ्हाड

आपल्या सीमाभागात ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात 'हाली' हा शब्द अजून कधीतरी कानावर येतो. 'तेव्हा जमीन हालीच्या अमुक रुपयांना घेतली होती' असे कोणी म्हणाले की नव्या पिढीला काहीच उलगडत नाही. हाली म्हणजे चालू, चलनातला. निजामाच्या राज्यातला तो हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढे दोहोंचा भाव ठरून गेला : १०० कलदार म्हणजे हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै. सोप्या हिशेबात सांगायचे तर सहा कलदारांना सात हाली. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे. कापूस आणि गळिताचे धान्य पलीकडे विकले की पैसा कलदारात यायचा, मजुरी आणि सारा अलीकडे हालीत द्यायचा. या दोन्हींच्या मधल्या बट्ट्यावर कित्येक सराफांची घरे चालली.

माझ्या आजोबांची भालकीकडे लहानशी अडत होती. त्यांच्या मोडीतल्या चोपड्या घरात आहेत. त्या चाळताना एक गोष्ट लक्षात येते. हाली-कलदारचा रोकड व्यवहार थोड्या पानांवर आहे, बाकी सारी पाने उधारीची आहेत. बियाण्यासाठी दिलेले, बैलासाठी दिलेले, लग्नासाठी दिलेले, जुने फेडण्यासाठी नवे दिलेले. नाणे फडताळात पडून असे, गाव मात्र उधारीवर चाले.

अर्थशास्त्रज्ञ आज जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नाही. शुंपीटर यांनी १९११ साली मांडले की उद्योजकाला नवे काही उभे करता येते ते बँकेने निर्माण केलेल्या पतीच्या जोरावर. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्ट लिहिले, की बँका लोकांच्या ठेवी उचलून कर्ज देतात ही समजूत अपुरी आहे. कर्ज देताक्षणी ऋणकोच्या खात्यावर नवी ठेव लिहिली जाते आणि तोच नवा पैसा असतो. रिचर्ड व्हर्नर यांच्यासारख्या संशोधकांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : ही नवी पत कशासाठी दिली जाते? उत्पादनासाठी दिली तर उत्पन्न वाढते. जुनी मालमत्ता विकत घेण्यासाठी किंवा नुसत्या खर्चासाठी दिली तर महागाई वाढते किंवा कर्ज बुडते. हा प्रश्न समजून घ्यायला लंडनला जाण्याची गरज नाही. निजामाच्या राज्याचा इतिहास पुरेसा आहे.

पामरची पेढी

विल्यम पामर हा पुण्याला काही काळ इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. त्याची आई लखनौकडची मुसलमान बेगम. निजामाच्या फौजेत नोकरी करून त्याने हैदराबादेत पेढी काढली. १७९७ च्या कायद्याने युरोपियनांना देशी राजांना कर्ज देण्याची बंदी होती. १८१६ साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने या पेढीपुरती ती उठवली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड. त्याची बायको हेस्टिंग्जच्या घरी मुलीसारखी वाढलेली. नाती अशी उपयोगी पडतात.

राज्याचा कारभार तेव्हा पेशकार चंदूलाल यांच्या हाती होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभ्या केलेल्या, पण निजामाच्या पैशाने पोसल्या जाणाऱ्या फौजेचा पगार दरमहा भागवायचा होता. औरंगाबादेच्या व्यवस्थेत पामरने फौजेसाठी दरमहा २ लाख द्यायचे आणि त्याबदली वर्षाला ३० लाखांच्या वसुलाचा मुलूख लावून घ्यायचा, असे ठरले. २४ लाख द्यायचे, ३० लाख घ्यायचे. शेकडा २५ चा हा सौदा. पेढी लोकांकडून ठेवी घेई त्या शेकडा १२ ने, आणि ठेवीदारांत इंग्रज अधिकारीही होते.

१८२० साली ६० लाखांचे मोठे कर्ज झाले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने कागद तपासले आणि आक्षेप घेतला की सरकारच्या हाती प्रत्यक्ष ५२ लाखच पडले. उरलेले ८ लाख भागीदारांच्या पदरी बक्षिसी म्हणून गेले. कर्जखत साठ लाखांचे, व्याजही साठ लाखांवर! प्रकरण इतके वाढले की हेस्टिंग्जला त्याच्या बदनामीसह परत जावे लागले. पामरची देणी भागवायला कंपनीने निजामाला एकरकमी सुमारे १ कोटी १६ लाख दिले. त्याबदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनीने निजामाला द्यायची वार्षिक ७ लाखांची पेशकश कायमची संपली. पेढी १८२४ मध्ये बुडाली.

या साऱ्या लाखांतून एक विहीर खोदली गेली नाही की एक रस्ता झाला नाही. पैसा शिपायांच्या पगारात गेला आणि वसूल शेतकऱ्याच्या खळ्यावरून आला.

तारापूरचे पारशी

याच काळात दुसरी एक पेढी त्याच राज्यात होती. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे ठाण्याकडच्या तारापूरचे पारशी बंधू. वऱ्हाडातून मुंबईला थेट कापूस पाठवण्याचे पहिले धाडस त्यांनी १८२५-२६ मध्ये केले. सुमारे ५०० बैलांच्या पाठीवरून तो कापूस गेला. मध्ये घाट, नद्या, जागोजागी जकाती. पुढे खामगावला त्यांनी कापूस दाबण्याचे यंत्र बसवले. आगाऊ पैसा शेतकऱ्याच्या हाती जाई आणि त्यातून कापूस उगवे. कर्ज फेडण्याची सोय कर्जातच होती. खामगावचा कापूसबाजार पुढे देशभर नाणावला, त्याची ही सुरुवात.

या पेढीची पत एवढी की औरंगाबादेच्या टांकसाळीत तिच्या नावाचा 'पेस्तनशाही' रुपया पडला. नाणे पाडणे हा राजाचा मान; तो एका सावकाराच्या पेढीला मिळाला!

पण सरकारी कर्जाचा मोह त्यांनाही सुटला नाही. फौजेच्या पगारासाठी त्यांनीही पैसे पुरवले आणि वऱ्हाडातील मुलखाचा वसूल लावून घेतला. चंदूलाल गेल्यावर १८४० च्या दशकात सरकारने तो मुलूख काढून घेतला, देणे मात्र फिटले नाही, आणि पेढी बसली. कापसाने जे कमावले ते फौजेच्या कर्जाने गिळले. एकाच पेढीच्या चोपडीत दोन्ही प्रकारची पत होती, म्हणून हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

फौजेचा पगार आणि प्रांत

आता सावकार उरले नाहीत, तेव्हा कंपनीनेच फौजेचा पगार भागवून निजामाच्या नावे लिहायला सुरुवात केली. १८५३ च्या मे महिन्यात डलहौसीने हिशेब पुढे केला. तहाने वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच महिन्यात दिवाण सिराजउल्मुल्क वारला आणि चोविशीतला सालारजंग दिवाण झाला. १८६० मध्ये ५० लाखांचे देणे माफ होऊन नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर परत आले, वऱ्हाड राहिला. सालारजंगाने तो सोडवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, उपयोग झाला नाही. १९०२ साली वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमचा इंग्रजांकडे गेला.

धाराशिवची मराठी माणसे निजामाकडे आणि अमरावती-अकोल्याची मराठी माणसे इंग्रजांकडे, ही वाटणी लढाईने झालेली नाही. ती थकलेल्या हप्त्यांनी झाली. १९५६ नंतरच्या सीमारेषांवर आपण खूप बोललो. पण त्याच्या शंभर वर्षे आधी एका कर्जखात्याने आपल्यात आखलेली रेषा आपण विसरलो.

कागद आणि सही

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली आणि १९१८ पासून हैदराबादने स्वतःच्या नोटा काढल्या. संस्थानी राज्यांत ही मुभा विशेषच. त्या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीतही किंमत लिहिलेली असे. चार भाषांच्या राज्याला शोभेल अशी ती नोट.

या नोटा लंडनला छापल्या जात. १९२२ च्या मे महिन्यात मुंबईकडे निघालेले 'ईजिप्त' जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाले. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी त्यातले सोने काढले, तेव्हा हैदराबादच्या ओल्या नोटांचे गठ्ठेही वर आले. त्यांवर सही झालेली नव्हती, म्हणून तो पैसा नव्हता. आज हौशी संग्राहक त्या जपतात. नोटेला किंमत देते ती सही, आणि सहीला किंमत देतो तो सहीमागचा भरवसा.

डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात हाच मुद्दा वेगळ्या अंगाने धरला होता. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याच्या हाताला मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

आता अंकी रुपया

१९५० च्या दशकात हाली गेला. १९४१ च्या कायद्याने जन्मलेली हैदराबाद स्टेट बँक २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून अंकी रुपया लोकांच्या हाती प्रयोगादाखल दिला आणि पुढच्या टप्प्यासाठी निवडलेल्या शहरांत हैदराबाद आणि इंदूरही होती. या रुपयावर व्याज नाही. तो खिशातल्या नोटेसारखाच, फक्त फोनमधला. चांदीची नोट झाली तसाच हा बदल आहे. त्याने व्यवहार सोपा होईल. कर्ज कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न त्याने सुटणार नाही.

तो प्रश्न फोनमध्येच दुसऱ्या वाटेने आला आहे. २०२० च्या डिसेंबरात हैदराबाद पोलिसांनी फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या टोळ्यांवर कारवाई केली. त्या रकमेतला भाग आधीच कापून घेत आणि व्याज पूर्ण रकमेवर लावत. छळाला कंटाळून काहींनी जीव दिला. २०२२ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने नियम केला, की कर्ज थेट ऋणकोच्या खात्यात जमा झाले पाहिजे आणि सगळा खर्च धरून वर्षाचा दर त्याला आधी सांगितला पाहिजे. मेटकाफ साठ लाखांच्या कर्जखतात नेमके हेच शोधत होता.

लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. नव्या पानावर कर्जाची पहिली ओळ लिहिताना दोनच गोष्टी विचाराव्यात : हातात प्रत्यक्ष किती पडले, आणि त्यातून काय उगवणार. निजामाच्या दरबारात हे वेळेवर कोणी विचारले नाही.