विंचवाचा डंख आणि कोकणातली एक नोंदवही

चवथ आठवड्यावर आली की सुर्ल्यातली माणसे रानाकडे वळतात. माटोळीला कांगले हवीत, कवंडळ हवे, सुपारीचे घोस हवेत. बाजारात आता सगळे मिळते, पण स्वतः रानातून आणलेल्या माटोळीचे समाधान वेगळे. मात्र हेच दिवस कमरेएवढ्या गवताचे आणि ओल्या दगडी बांधांचे. त्या गवतात आणि बांधांत कोण दडलेले असते, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते.

आमच्या लहानपणी वाड्यावरच्या एका आजोबांना माटोळीचे सामान आणताना पायाला साप चावला. लोकांनी मायेने जे सुचले ते केले. पोटरीला काथ्याची दोरी करकचून आवळली, जाणत्याला बोलावले, पाला वाटून लावला. यात अर्धा दिवस गेला. शेवटी खाणीवरून येणाऱ्या एका ट्रकात घालून त्यांना इस्पितळात नेले. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे कित्येक वर्षे आजोबा चवथीला माटोळीखाली खुर्ची टाकून बसत आणि कोणते फळ कुठे बांधायचे ते सांगत. पाय विषाने गेला की दोरीने, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. आज आम्हाला वाटते, दोघांचाही त्यात हात असावा.

आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो. वैद्यकाचे शिक्षण आमचे नाही. पण वीस वर्षे आवक-जावक नोंदवह्या सांभाळल्याने एक गोष्ट कळली आहे. नीट ठेवलेली नोंद कधी ना कधी बोलते. तातडीच्या वैद्यकाच्या इतिहासात अशी एक नोंद आपल्याच कोकणपट्टीत झाली आणि ती जगभर गेली. त्या नोंदीची ही हकिकत.

सुर्ल्याहून उत्तरेची वाट धरली, सावंतवाडी, कणकवली, चिपळूण मागे टाकले की रायगड जिल्ह्यात महाड लागते. महाडजवळ बिरवाडी हे गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला एक तरुण डॉक्टर रुजू झाला. त्याचे नाव हिंमतराव बावस्कर. त्या भागात लाल विंचवाची दहशत होती. गवताचा भारा उचलताना, कौले शाकारताना, चपलेत पाय घालताना डंख होई. धडधाकट माणूस किंवा खेळते मूल काही तासांत दगावे. लोक मंत्र घालत. डॉक्टरांकडेही खात्रीचा उपाय नव्हता. स्टेरॉइड, अट्रोपिन अशी औषधे दिली जात. त्यांचा उपयोग होत नसे, उलट अट्रोपिनने अपाय होण्याचीच भीती असे.

बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि लिहीत गेले. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, छातीत घरघर कधी सुरू झाली, हे सारे त्यांनी टिपले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. भरपूर घाम, उलट्या, गार हातपाय, पुरुषांत लिंगाला येणारा ताठरपणा ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना होती. खरा मारेकरी होता हृदयावर येणारा ताण आणि फुप्फुसांत भरणारे पाणी. हे निरीक्षण १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा जणू पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसे पाण्याने भरतात. मग आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर? त्यासाठी बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरली. महागडे यंत्र नको, मोठे इस्पितळ नको, गोळी तोंडाने घ्यायची. हे अनुभव १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. बावस्करांच्या लेखांनुसार पश्चिम भारतात पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले.

गोष्ट इथे संपली असती तरी ती मोठीच ठरली असती. पण पुढचा भाग आम्हाला जास्त भावतो. विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली होती. आपल्या नावाशी जोडलेली गोळी पुरेशी आहे, असे म्हणून बावस्करांना गप्प बसता आले असते. त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडलाच ७० रुग्णांवर अभ्यास केला. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरवले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पाहिले तर लस मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे होते आणि केवळ गोळीवरच्यांपैकी ८. निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आपल्याच उपचारात सुधारणेला जागा आहे, हे त्यांनी स्वतः आकड्यांनी दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या गोव्यालाही वैद्यकाची जुनी परंपरा आहे. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची. मुक्तीनंतर तिचेच गोवा मेडिकल कॉलेज झाले. पण ‘तातडीचे वैद्यक’ ही स्वतंत्र शाखा सगळीकडेच नवी. अमेरिकेत सिनसिनाटी येथे तिचे पहिले पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० मध्ये सुरू झाले. भारतात तिला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. त्याच सुमारास, २००८ मध्ये, गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. आमच्या आजोबांना खनिजाचा ट्रक शोधावा लागला. आज तो शोध एका फोनवर आला आहे.

तरीही भारतात साप चावून मरणाऱ्यांची संख्या हादरवून टाकणारी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत असे सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्या देशात बनते. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला एक साधी परीक्षा असते. थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले आहे असे समजतात. म्हणजे औषध आहे, परीक्षा आहे, गाडी आहे. कमी पडतो तो वेळ, आणि तो बहुधा आपल्या अंगणातच वाया जातो.

म्हणून या चवथीला मंडळींना एवढीच विनंती. दंश झाला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, पैंजण काढा, चावलेला अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. साप मारण्यात वेळ घालवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूणही नीट दिसत नाही. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. आणि एक चिठ्ठी सोबत द्या. चावले किती वाजता, कुठे, उलटी कधी झाली, डोळे कधी मिटू लागले. डॉक्टरांना त्या चार ओळींचा मोठा आधार होतो.

बिरवाडीच्या त्या डॉक्टरांनीही सुरुवात अशाच ओळींनी केली होती. आमच्या आजोबांची नोंद मात्र कुठेच राहिली नाही, म्हणून ती येथे करून ठेवली. विघ्नहर्ता विघ्ने हरतोच, पण दोरी आवळणारा हात त्या वेळी थांबवणे हे आपले काम आहे. गणपती बाप्पा मोरया!